पैसे म्हणजे काय चिंचोके आहेत?

मार्चअखेरीस घाटकोपरच्या भटवाडीत मामीकडे गेलं की आधी पाय कुठे ठेवायचा ते बघावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत जुनी साडी अंथरलेली असते. साडीवर गावाहून आलेल्या चिंचेचा ढीग असतो आणि ढिगाभोवती मामी, शेजारच्या दोघी आणि हाताला लागेल ते पोर. टरफल ठेचायला छोटी हातोडी, शिरा ओढायला नखं, चिंचोका बाहेर काढायला जुन्या सुरीचं बोथट टोक. गर परातीत जातो. त्याला मीठ लागून गोळे होणार आणि ते बरणीत वर्षभर काळे होत राहणार. टरफलं पिशवीत जातात. चिंचोक्यांना मात्र ठरलेली जागा नसते. ते पाटाखाली, मोरीच्या तोंडाशी, मामाच्या खाटेखाली घरंगळतात आणि दुसऱ्या दिवशी केरात जातात.

यंदा मी ते मागितले.

"ने की सगळे," मामी म्हणाली. "करणार काय पण?"

"तोंडाला लावायचं जेल."

मामा खाटेवर उठून बसला. लहानपणी आम्ही भाचरं सिनेमाला पैसे मागायचो तेव्हा तो दर वेळी म्हणायचा, "पैसे म्हंजे काय चिंचोके हायेत व्हय?" तेच वाक्य आता त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं, पण बोलला नाही. एवढंच म्हणाला, "त्याची खळ व्हती. आमच्या हातात हयात गेली तिची."

दिवाळी अंकाच्या संपादकांना होळी पेटायच्या आतच दिवाळी दिसू लागते. यंदाच्या अंकाचा विषय त्यांनी दिला होता 'टाकाऊ'. भंगारवाले, कचरावेचक, देवनारचा डोंगर हे सगळं आधीच वाटून गेलं होतं. माझ्या वाट्याला आलं 'काहीही छोटं'. त्याच आठवड्यात माझ्या भाचीच्या टेबलावर एक बाटली दिसली.

शेपटातलं नाव

भाची बोरिवलीला राहते आणि अंधेरीला नोकरी करते. तिच्या टेबलावरची बाटली पन्नास मिलीची होती, किंमत साडेसहाशे रुपये. चेहऱ्याला लावायचं पारदर्शक जेल. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि 'वनस्पतिजन्य' असा शब्द. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात घटकांची यादी. पहिलं नाव पाण्याचं, दुसरं ग्लिसरीनचं. मग बरीच लांबलचक नावं, आणि पार खाली, टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांच्या शेजारी, 'टॅमरिंडस इंडिका सीड गम'.

म्हणजे चिंचोक्याचा डिंक. भाचीला हे माहीत नव्हतं. "चिंच? मला वाटलं टॅमरिंड म्हणजे काहीतरी परदेशी," ती म्हणाली. यात तिची फारशी चूक नाही. झाडाचं मूळ आफ्रिकेत, नाव अरबांनी दिलेलं 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर, आणि त्या नावाला लॅटिन शेपूट लावून युरोपने ते आपल्याला परत पाठवलं. ती रोज सकाळी ज्या लोकलने अंधेरीला जाते ती मालाड सोडून गोरेगावकडे निघते तेव्हा पश्चिमेला चिंचोली बंदर मागे पडतं. मध्य रेल्वेवर चिंचपोकळी आहे, मशीद बंदराकडे चिंचबंदर आहे. या शहराच्या तोंडात चिंच सतत असते, चव तेवढी गेली आहे.

घटकांची यादी कशी लिहायची याचा नियम आहे. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का आणि त्याखालचे शेवटी, कोणत्याही क्रमाने. त्यामुळे पुढच्या बाजूला जे पान ठळक छापलेलं असतं ते मागच्या यादीत बहुधा या शेपटात सापडतं. घट्टपणा देणारा पदार्थही तिथेच असतो. पण त्याची गोष्ट वेगळी आहे. शेपटातली बाकीची दोन-चार नावं काढून टाकली तर कुणाला कळणार नाही. हे एक काढलं तर बाटलीत उरेल वासाचं पाणी.

खळ

मामाचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. त्या भागात घोंगडीचे माग आहेत. धनगरांनी कातरलेली लोकर, तिचं सूत, आणि सूत मागावर चढायच्या आधी त्याला लागणारी चिंचोक्याची खळ. मामाच्या लहानपणी गावातली पोरं चिंचोके गोळा करून मागवाल्यांना नेऊन द्यायची आणि बदल्यात काहीबाही मिळायचं. म्हणजे त्याच्या गावात चिंचोके हेच पैसे होते. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणून तर म्हाईत हाय, किती कमी पैसे असत्यात ते."

चिंचोके भाजायचे, भरडून वरचं तांबडं टरफल काढायचं, आतल्या पांढऱ्या डाळी भिजवून वाटायच्या आणि ते वाटण पाण्यात शिजवत ठेवायचं. रटरटून ते पिठल्यासारखं घट्ट होतं, पण पिठलं तुटतं आणि खळीची तार निघते. उन्हात ताणलेल्या उभ्या धाग्यांवर ती मोठ्या कुंचल्याने चढवायची, धागा न् धागा सुटा राहील अशी. वाळली की विस्कटलेली लोकर धाग्याला चिकटून बसते आणि मागाचे हिसके सोसायला सूत तयार होतं. नव्या घोंगडीला जो कडकपणा असतो, तो या खळीचा.

मामा साठच्या दशकात मुंबईत आला आणि गावच्याच एका माणसाच्या ओळखीने परळच्या एका गिरणीत लागला. खातं मिळालं सायझिंगचं. काम तेच, फक्त कुंचल्याच्या जागी यंत्र. उभ्या ताण्याचे हजारो धागे एकाच वेळी कांजीच्या हौदातून जायचे, रुळांमधून पिळले जायचे, वाफेवर तापलेल्या पिंपांवरून वाळत पुढे सरकायचे. मागावर धाग्याला फणी घासते, धोटा दर खेपेला हिसका देतो. कांजी न चढवलेलं सूत तासाभरात तुटून मागाला लोळतं, आणि सूत तुटलं की माग थांबतो, माग थांबला की विणकराचा पगार कापला जातो. त्यामुळे विणखात्यातले लोक सायझिंगवाल्यांना शिव्या तरी द्यायचे नाहीतर चहा तरी पाजायचे.

"कांजीत काय काय असायचं?" मी विचारलं.

मामाने बोटांवर मोजलं. मक्याचा स्टार्च. सूत मऊ राहावं म्हणून चरबी. वजनाला चिनी माती. आणि पोत्यातून येणारी एक पिवळसर पावडर, तिला साहेब 'टीकेपी' म्हणायचे. टॅमरिंड कर्नल पावडर. "पयल्या दिवशी पोतं फोडलं आन् वास आला. म्हनलं, ही तर आमच्या गावची खळ. मुंबईला आलो कशाला मग?"

पाऊणशे ओलांडलेला मामा त्या खात्याचं वर्णन करतो तेव्हा वाफ, उकाडा, पाय घसरवणारी फरशी आणि संपाच्या आदल्या पाळीपर्यंत चुकत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्याचं सायझिंग खातं पुन्हा त्याच्यासाठी उघडलं नाही. पण या सगळ्यात एक गोष्ट तो नेहमी सांगतो: हात मऊ असायचे. अंग घामोळ्यांनी फुलायचं, टाचा फाटायच्या, पण मनगटापासून पुढचा हात बाईसारखा. मामी तेव्हा त्याला चिडवायची. चरबी आणि चिंचोका रोज आठ तास हाताला लागत होते, म्हणजे आजच्या भाषेत तो पाळीभर हँडक्रीम लावून उभा होता.

खळीचं नशीब असं की तिचं काम झालं की ती धुऊन टाकतात. कापड विणून झालं, आता रंग चढवायचा, तर आधी खळ निघाली पाहिजे, नाहीतर रंग धरत नाही. कोरं मांजरपाट पहिल्यांदा भिजवल्यावर बादलीत जे गढूळ, निसरडं पाणी उतरतं ते तेच. सूत तोलून धरायचं, मागावरून सुखरूप उतरवायचं आणि गटारात जायचं.

एक बी, तिच्या आत एक साखळी

चिंचोका एवढा चिकट का? उत्तर झाडाच्या स्वार्थात आहे. बी रुजताना कोंबाला अन्न लागतं. तांदूळ-गहू ते स्टार्चच्या रूपात साठवतात. चिंच ते दुसऱ्या एका रूपात साठवते, त्याला झायलोग्लुकन म्हणतात. ग्लुकोजची लांबच लांब माळ, तिला ठरावीक अंतराने झायलोजची फांदी, आणि काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोजचा मणी. तिन्ही साखरच, पण अशा माळेत बांधल्या की जिभेला गोड लागत नाहीत.

ही माळ गरम पाण्यात पडली की उलगडते, आपल्याभोवती पाणी धरून ठेवते, आणि शेजारच्या माळांत गुंतते. गुंता वाढला की पाण्याला पळता येत नाही. तेच घट्टपण. बोटाने दाबलं, घासलं की माळा एका दिशेने सरळ होतात आणि द्रव सैल होतो. बोट उचललं की पुन्हा गुंता. म्हणून जेल बाटलीत उभं राहतं आणि गालावर पसरतं. खळीला कुंचल्याखाली पसरायचं आणि धाग्यावर थांबायचं असतं. दोन्हींकडून मागणी एकच आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. झायलोग्लुकन फक्त चिंचोक्यात नसतं. बहुतेक झाडांच्या कोवळ्या पेशींच्या भिंतीत ते असतं, आणि तिथे त्याचं काम सेल्युलोजच्या तंतूंना बिलगून राहण्याचं. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. गिरणीत सुताला चिंचोका धरतो तेव्हा तो कोट्यवधी वर्षांची सवय पुढे चालवत असतो.

हे सगळं गिरणीवाल्यांना आधीपासून कळलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात स्टार्चची टंचाई झाली तेव्हा देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत चिंचोक्याच्या पिठावर काम झालं, आणि पुढच्या काही वर्षांत कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्या व कापडगिरण्या त्याकडे वळल्या. मुंबईचाही यात वाटा आहे. माटुंग्याला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग होता, आजची आयसीटी. तिथले सावूर आणि श्रीनिवासन यांचा चिंचोक्यातल्या या साखळीच्या स्वरूपावरचा शोधनिबंध १९४८ साली अमेरिकेच्या एका नामांकित जीवरसायन नियतकालिकात छापून आला. परळच्या गिरणीत पोती फुटत होती आणि तिथून दोन-तीन स्टेशनांवर त्या पोत्यातल्या पिठाची रचना उलगडत होती. तरी मामाला माटुंगा माहीत होता तो फक्त इडलीसाठी.

पुढची पावलं मात्र आपल्या दारात पडली नाहीत. साखर घातली की या डिंकाची जेली बनते, हे भारतात चाळीसच्या दशकातच लक्षात आलं होतं. तो शुद्ध करून सॉस, आइस्क्रीम आणि लोणच्यांत वापरायचा उद्योग साठच्या दशकात जपानने उभा केला. कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांत तो वापरायचं काम इटलीत पुढे गेलं, कारण डोळ्यावर जो नैसर्गिक बुळबुळीत थर असतो त्याच्यासारखा हा डिंक वागतो. बी आपली, माल आपला, शुद्ध करून महाग विकण्याची अक्कल बरीच वर्षं दुसऱ्यांची. हे वाक्य कापसापासून तागापर्यंत कशाहीबद्दल लिहिता येईल, तेव्हा पुढे जाऊ.

बार्शी

मुंबईच्या उपनगरात चिंचोका बाटलीत भरणारे आहेत, फोडणारे नाहीत. त्यासाठी मी रात्रीची लातूर एक्स्प्रेस धरली आणि पहाटे बार्शीला उतरले. ज्या गावाला १८९७ साली स्वतःची छोटी रेल्वे मिळाली होती त्या गावाचा व्यापार काय असेल याचा अंदाज स्टेशनबाहेरच येतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बाजारात चिंचेची पोती उतरतात आणि बोली लागते ती गराच्या रंगावर. चिंचोक्याचा सौदा वेगळा होतो, शांतपणे, एका कडेला.

हिशोब साधा आहे. शंभर किलो चिंचेत सुमारे पंचावन्न किलो गर, चौतीस किलो चिंचोके, उरलेलं टरफल आणि शिरा. म्हणजे ज्याला आपण केरात टाकतो तो मालाचा तिसरा हिस्सा आहे. गावोगावच्या बायका मजुरीवर चिंच फोडतात तेव्हा त्यांना पैसे गराच्या किलोवर मिळतात. चिंचोका त्या फुकट काढून देतात.

चिंचोक्याच्या गिरणीचं अंगण तपकिरी डोंगरांनी भरलेलं होतं. बायका चाळण्यांवर बसून खडे, मातीची ढेकळं, किडके दाणे वेचत होत्या. पुढे भट्टीचं फिरतं पिंप. चिंचोक्याचं टरफल इतकं चिवट असतं की ते कच्चं असताना निघत नाही. दीडशे अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं भाजलं की ते ठिसूळ होतं, मग यंत्रात आपटून सुटतं आणि वाऱ्याने उडवता येतं. वास जळक्या शेंगदाण्यांचा आणि कॉफीचा, दोन्हींच्या मधला. जास्त भाजलं तर डाळ पिवळी पडते आणि चिकटपणा घटतो. कमी भाजलं तर टरफलाचे तांबडे कण पिठात उतरतात. भट्टीवरचा माणूस घड्याळ बघत नव्हता. मूठभर दाणे घेऊन एक दाताखाली फोडायचा आणि मान हलवायचा.

टरफल गेल्यावर चिंचोक्याच्या वजनाचा सत्तर टक्के भाग उरतो. ती डाळ दळली की टीकेपी. चक्कीपाशी उभ्या असलेल्या पोराच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. पोती जातात कापड छपाईला, ज्यूटला, कागदाला, उदबत्तीला. मालकांना मी क्रीमबद्दल विचारलं तर ते आधी हसले आणि मग वैतागले. "ते लोक घेतात चिमूटभर, ताई. आणि पिठात एक काळा कण दिसला तर अख्खं पोतं परत. कापडवाला कधी असं करतो का? त्याला चिकटायला हवं, बस."

क्रीमवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही. नुसत्या पिठात साठ टक्क्यांच्या आसपास ती साखळी, बाकी प्रथिनं, तेल, तंतू. तेलामुळे पीठ काही महिन्यांत खवट होतं. प्रथिनांमुळे जेल गढूळ दिसतं. म्हणून आधी तेल काढायचं, मग उकळत्या पाण्यात विरघळवायचं, गाळ बसू द्यायचा, वरच्या नितळ भागात अल्कोहोल ओतायचं. साखळी पांढऱ्या तंतूंसारखी खाली उतरते. ती वाळवायची, दळायची. आता तिचा रंग पांढरा, वास नाही, आणि भाव टीकेपीच्या कैक पट.

मरोळचा गाळा

अंधेरी पूर्वेला मरोळच्या एमआयडीसीत गाळ्यांच्या इमारती आहेत. एकाच जिन्यावर छापखाना, दागिन्यांचं पॉलिश आणि सौंदर्यप्रसाधनं. दुकानात दहा वेगवेगळ्या नावांनी मिरवणारी जेल पुष्कळदा अशाच एखाद्या गाळ्यात एकाच पातेल्यात घोटली जातात. नाव, पान आणि किंमत नंतर चिकटते. इथे प्रयोगशाळा सांभाळणारी रसायनतज्ज्ञ तिशीतली, मूळची डोंबिवलीची. तिने माझ्यासमोर दोन वाट्या ठेवल्या.

"जेल म्हणजे नव्वद टक्के पाणी, आणि त्या पाण्याला शिस्त," ती म्हणाली.

पहिली चूक तिने मुद्दाम करून दाखवली. डिंकाची पूड सरळ पाण्यात टाकली. वरचा थर लगेच फुगला आणि आत कोरडी पूड अडकली. साबुदाण्यासारख्या गुठळ्या, कितीही घोटा. मग दुसऱ्या वाटीत पूड आधी ग्लिसरीनमध्ये कालवली आणि ते मिश्रण गरम पाण्यात धार धरून सोडलं. एकही गुठळी नाही. "आई पिठल्याचं बेसन आधी थोड्या पाण्यात का कालवते, ते कॉलेजात गेल्यावर कळलं मला."

दुसरा खेळ जास्त मजेचा होता. एका वाटीत कार्बोमरचं जेल. हा खनिज तेलातून येणारा घट्टपणा, काचेसारखा स्वच्छ, बाजारातला खरा राजा. दुसऱ्या वाटीत चिंचोक्याचं, किंचित दुधट. तिने दोन्हींवर चिमूट चिमूट मीठ टाकलं आणि ढवळलं. कार्बोमर बघता बघता पाणी झालं. त्याच्या साखळीवर विद्युतभार असतो, त्या भाराच्या रेट्यानेच ती फुललेली असते, आणि मीठ तो रेटा मोडून काढतं. चिंचोक्याच्या साखळीवर भारच नाही, त्यामुळे मिठाला मोडायला काही सापडत नाही. घामेजल्या मुंबईत हे काही थोडं नाही. कार्बोमरचं जेल घामाच्या मानेवर लावलं की ओलसर होऊन सरकतं ते यामुळेच.

मग सगळे चिंचोकाच का वापरत नाहीत? तिने बोटांवर कारणं सांगितली. त्याला गरम करावं लागतं, म्हणजे वीज आणि वेळ. झँथन गम थंड पाण्यात चालतो. (झँथन हा वनस्पतिजन्य म्हणून खपवला जातो, पण तो कोबीला काळी कूज आणणाऱ्या जिवाणूकडून मिळतो, हे मला तिथेच कळलं.) गवारीच्या बियांचा डिंक स्वस्त आहे आणि राजस्थानातून हवा तेवढा येतो. दर खेपेला चिंचोका थोडा वेगळा वागतो, कारण झाडं वेगळी, भट्टी वेगळी. "चिंचोका आम्ही घालतो तो बहुतेक वेळा ब्रँडवाल्याला गोष्ट हवी असते म्हणून."

गोष्ट कोणती, तर 'वनस्पतीतलं हायलुरॉनिक'. इथे मी भाचीची बाटली बाहेर काढली, तिच्यावर हेच शब्द होते. रसायन म्हणून हे चुकीचं आहे. हायलुरॉनिक आम्ल ही आपल्या शरीरात असणारी वेगळी साखळी, चिंचोक्याची वेगळी. दोन्ही पाणी धरतात, दोन्ही त्वचेवर रेशमी थर सोडतात, एवढंच साम्य. चिंचोक्याला चिंचोका म्हणून विकायची कंपनीला लाज वाटते, म्हणून ते त्याला दुसऱ्याचं आडनाव लावतात.

"किती घालता?" मी विचारलं.

"अर्धा टक्का. फार तर एक."

पन्नास मिलीच्या बाटलीत पाव ते अर्धा ग्रॅम. रिक्षात बसल्यावर मी वहीवर गणित केलं. मामीचे शंभर चिंचोके मी घरच्या काट्यावर तोलले होते, ८० ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे एक पाऊण ग्रॅमहून थोडा जास्त. त्यातली डाळ सत्तर टक्के, डाळीतली साखळी साठ टक्के. हाती उरतो ग्रॅमचा तिसरा हिस्सा.

साडेसहाशे रुपयांच्या बाटलीत एक चिंचोका. नासाडी धरली तर दीड.

यावर लगेच भडकायचं कारण नाही. बाटली, पंप, परवाना, प्रयोगशाळेचं भाडं, दुकानदाराचा वाटा, जाहिरातीतल्या मुलीचे पैसे हे सगळं त्या साडेसहाशेत आहे, आणि मरोळच्या त्या बाईचा पगारही. पण बार्शीच्या चाळणीवर बसलेल्या बाईचा त्यात किती, हे काढायला मला कॅल्क्युलेटरवर दशांशचिन्हानंतर बरेच आकडे लागले.

गुडघे आणि तिसरा दिवस

मुलुंडला एका काष्ठौषधींच्या दुकानात चिंचोका पावडरीची पाकिटं टांगलेली दिसली. गुडघ्यांसाठी, रोज चमचाभर दुधातून. दुकानदार ठामपणे म्हणाले की याने गुडघ्यात वंगण तयार होतं. खळ चिकट, गुडघ्यातला द्रव चिकट, म्हणजे हा तो भरून काढणार, असं हे तर्कशास्त्र. पोटात गेलेली साखळी चिकटपणा राखून सरळ गुडघ्यात उतरेल असं मानायला पचनसंस्थेचा फारच कमी आदर असावा लागतो. तरी दुकानात गर्दी होती आणि पाकीट बाटलीच्या मानाने अगदीच स्वस्त. मी एक घेतलं, मामाच्या गुडघ्यांसाठी नव्हे, शिजवून बघायला.

घरी दोन भांडी चढवली. एकात पाकिटातली पावडर. दुसऱ्यात मामीचे चिंचोके, जे मी कढईत भाजले, खलबत्त्यात ठेचले, तीन नखं मोडून टरफलं सोलली, रात्रभर भिजवले आणि मिक्सरमधून काढले. मिक्सरने दोनदा दम टाकला. दोन्ही अर्धा तास रटरटू दिले, मलमलीतून गाळले. पाकिटाचं जेल मातकट निघालं. मामीच्या चिंचोक्यांचं तपकिरी झाक असलेलं, पण तार लांब, थेट खळीसारखी. हाताच्या पाठीवर लावलं. वाळताना किंचित ओढ बसली आणि मग खरोखरच मऊ लागलं. भाचीने दोन दिवस तेच वापरलं आणि बाटलीकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर आंबूस वास. साखर, प्रथिनं आणि पाणी एकत्र ठेवलं तर बुरशीला आमंत्रण द्यावं लागत नाही. बाटलीतल्या ज्या रसायनांना आपण नाकं मुरडतो ती किंमत कशाची घेतात हे मला त्या वासाने सांगितलं.

उरलेले चिंचोके मी मेमध्ये भटवाडीला परत नेले. मामाला गणित सांगितलं: एका बाटलीत एक. त्याने पिशवीत हात घालून मूठ भरली आणि मुठीकडे बघत राहिला. बहुधा बाटल्या मोजत असावा. मग त्यातले दोन निवडले, अडकित्त्याने उभे फोडले, चार फाकी झाल्या. त्यांच्या सपाट बाजू उंबऱ्याच्या दगडावर घासून पांढऱ्या केल्या, आणि घासून तापलेली एक फाक शेजारच्या पोराच्या दंडाला लावली. पोर किंचाळलं आणि मग हसायला लागलं. मामीने खडूने फरशीवर चल्लस-आठचा पट आखला.

मामाने चारही फाकी ओंजळीत खुळखुळवून टाकल्या. चारही काळ्या.

"आठ," पोर म्हणालं. "परत तुमचीच पाळी."